डिझेल रिमॅप, नोंद तिसरी: इंजेक्शनचा कालावधी पूर्ववत

मागच्या नोंदीत डॅशबोर्डवर लिटरला २०.६ किलोमीटर दिसत असल्याचे मी मोठ्या समाधानाने लिहिले होते. ते विधान मागे घ्यावे लागत आहे. सलग चार वेळा टाकी काठोकाठ भरून हिशेब केला, तेव्हा प्रत्यक्ष ॲव्हरेज १९.१ निघाले. रिमॅपपूर्वी, म्हणजे इंजिनच्या संगणकातील आकड्यांची फाइल बदलण्यापूर्वी, ते १८.९ होते.

चूक माझीच होती. दुसऱ्या फाइलमध्ये मी इंजेक्टर उघडा ठेवण्याच्या कालावधीचा तक्ता सरसकट ८ टक्क्यांनी वाढवला होता. ईसीयू (इंजिनचा संगणक) पडलेले डिझेल मोजत नाही. रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतील दाब) आणि किती मिलिग्रॅम डिझेल पाहिजे यांवरून तो या तक्त्यातून वेळ काढतो आणि मागितले तेवढेच पडले असे गृहीत धरून पुढचा सगळा हिशेब मांडतो. त्यामुळे तो ५४ मिलिग्रॅम समजत असताना ५८ च्या वर डिझेल पडत होते, आणि ॲव्हरेजचा आकडा तेवढाच फुगत होता. धुराची मर्यादाही (धूर होऊ नये म्हणून हवेच्या प्रमाणात डिझेलवर घातलेली मर्यादा) याच खोट्या हिशेबावर चालत असल्याने १५०० आरपीएमला, जिथे दर स्ट्रोकला जेमतेम ६४० मिलिग्रॅम हवा मिळते, तिथे ईसीयूच्या लेखी १७.८ असलेले हवा-इंधन गुणोत्तर प्रत्यक्षात १६.५ वर आले होते. मागच्या काचेत दिसणारा काळा धूर तिथूनच येत होता.

तिसऱ्या फाइलमध्ये तो तक्ता मूळ फाइलीप्रमाणे केला आहे. वाढ आता टॉर्कच्या मर्यादेतून, तीही १९०० ते ३००० आरपीएमदरम्यानच, मागितली आहे: दर स्ट्रोकला ५८ मिलिग्रॅम डिझेल आणि १०५० मिलिग्रॅम हवा. चेकसम (फाइल बिनचूक असल्याची पडताळणी करणारा आकडा) दुरुस्त करून, बॅटरीला चार्जर लावूनच फाइल लिहिली. ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) यांना हात लावलेला नाही, लावणारही नाही.

तिसऱ्या गिअरमध्ये गाडी चालवून आकड्यांची नोंद (लॉग) घेतली, तेव्हा धूर दिसला नाही. मात्र २२५० मिलिबार मागितले असता बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) २१०० आरपीएमला क्षणभर २३९० पर्यंत उसळला, कारण टर्बोची पाती उघडायला वेळ घेतात. मागणीचा चढ थोडा सौम्य केल्यावर ही उसळी ४० मिलिबारवर आली. चौथ्या गिअरमध्ये क्लच घसरत नाही. टर्बाइनच्या अलीकडे एक्झॉस्टचे तापमान मोजणारा प्रोब बसेपर्यंत ३००० च्या वरचे आकडे मूळचेच राहतील.