फुकटातले १६० एकर

लिंकन शहरातून बिॲट्रिसकडे जाणारा अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचा रस्ता सरळसोट आहे. दोन्ही बाजूंना मका, मका संपला की सोयाबीन. निफाडहून आलेले माझे सासरे पुढच्या सीटवर खुशीत होते. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींपुढे त्यांना चक्क जांभया आल्या होत्या. मागे मुलांची कुरकूर चालू होती, "शेतंच बघायला आलोय का आपण?" हो, शेतंच.

बिॲट्रिसच्या थोडं पश्चिमेला होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे. होमस्टेड म्हणजे कसून राहणाऱ्याला सरकारने फुकट दिलेली जमीन. तिथल्या संग्रहालयाचं छप्पर जमीन फाडत निघालेल्या नांगरासारखं वर उचललेलं आहे, आणि समोरचं पार्किंग मुद्दाम बरोबर एक एकराचं ठेवलंय. बाबांनी ते पावलांनी मोजून पाहिलं. मग म्हणाले, "असे किती द्यायचे?"

एकशेसाठ. मे १८६२ मध्ये, ऐन यादवी युद्धात, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी जमीन वाटपाच्या या होमस्टेड कायद्यावर सही केली. अट अशी की पाच वर्षं तिथेच राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. सगळी फी मिळून १८ डॉलर. कुटुंबप्रमुखाला किंवा एकवीस पूर्ण झालेल्या कोणालाही अर्ज करता येई, अविवाहित बायका आणि विधवासुद्धा त्यात आल्या. १ जानेवारी १८६३ ला कायदा लागू झाला आणि डॅनियल फ्रीमन यांनी ब्राउनव्हिलच्या कचेरीत अर्ज टाकला. मध्यरात्र उलटताच कारकुनाला गळ घालून त्यांनी कचेरी उघडायला लावली, असं सांगतात. हे पार्क त्यांच्याच जमिनीवर आहे. मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या पत्नी ॲग्नेस जास्त लक्षात राहिल्या. त्यांचं लग्न फ्रीमन यांच्या भावाशी ठरलं होतं. तो युद्धात मरण पावला. मग डॅनियलनी पत्रांतूनच मागणी घातली आणि या बाई आयोवातून इथल्या माळावर संसाराला आल्या.

आवारात १८६७ सालची लाकडी ओंडक्यांची खोली आहे, जवळच्याच एका शेतावरून हलवून आणलेली. चौदा बाय सोळा फूट. ओंडक्यांच्या फटी चुन्याने लिंपलेल्या. यात पामर नावाचं कुटुंब राहायचं, दहा मुलांसह! तरी ते नशीबवान. इथे ओढ्याकाठी झाडं होती म्हणून लाकूड तरी मिळालं. पश्चिमेकडे झाडच नाही, तेव्हा गवताच्या मुळ्यांनी घट्ट विणलेली माती नांगराने पट्ट्या-पट्ट्यांनी कापायची आणि त्या विटा रचून घर उभं करायचं. पाऊस आला की छत गळायचं, कधी छतातून साप पडायचा. सरपणाला गव्यांचं वाळलेलं शेण वेचायचं. हे ऐकून बाबा खूश झाले, "म्हणजे गोवऱ्याच की!"

पण त्यांचा खरा प्रश्न पुढे आला. "जमीन फुकट दिली. बैलांसाठी पैसे कोणी दिले?"

कोणीच नाही. बैल, नांगर, बियाणं, विहीर, सगळं ज्याचं त्याने बघायचं. बहुतेकांनी कर्ज काढलं. १८७४ मध्ये टोळधाडीने उभी पिकं खाल्ली, अवजारांचे लाकडी दांडेसुद्धा कुरतडले. पुढे धान्याचे भाव पडले, व्याज आणि रेल्वेचं भाडं मात्र कायम. आम्ही राहतो त्या ओमाहातच १८९२ मध्ये चिडलेल्या शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाचं अधिवेशन भरलं. रेल्वे सरकारने ताब्यात घ्यावी, ही त्यांची एक मागणी होती.

पार्कच्या कडेने ऑसेज ऑरेंज या काटेरी झाडांची जुनी रांग आहे. घोड्याला उडी मारता येऊ नये, बैलाला मोडता येऊ नये, डुकराला घुसता येऊ नये, असं कुंपण हवं म्हणत. फक्त ते वाढायला वर्षं लागत. १८७४ मध्ये इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि काम सोपं झालं. गुरं मोकळी सोडून सरकारी कुरणांवर श्रीमंत झालेल्या पशुपालकांचे दिवस फिरले. तारेने पायबंद घातला आणि १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या कुरणांवर गुरं हजारोंनी मेली. त्यानंतर गवत कापून साठवणं आलं.

संग्रहालयाच्या वाटेवर राज्यांच्या आकाराचे धातूचे पत्रे ओळीने उभे आहेत. त्या राज्याचा जितका भाग या कायद्याखाली वाटला गेला तितकं चौकोनी भोक पत्र्यात. नेब्रास्काचं भोक ४५ टक्क्यांचं. एकूण सुमारे २७ कोटी एकर. मांडणी कल्पक आहे, पण ती जमीन आधी कोणाची होती ते या भोकांतून कळत नाही, आणि मला ते खटकलं. या भागात ओटो-मिझूरिया लोक राहायचे. १८५४ च्या तहाने त्यांना बिग ब्लू नदीकाठी राखीव पट्टा मिळाला. तोही तुकड्यातुकड्याने विकला गेला आणि १८८१ मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवलं. आत त्यांच्याविषयी माहिती आहे, पण ती मुद्दाम शोधून वाचावी लागते. त्यांचं मुख्यालय आता रेड रॉक इथे आहे, इथून गाडीने पाच-सहा तासांवर. पुढच्या सुट्टीत तिकडे जायचं ठरवलंय.