झेंड्याच्या काठीला दप्तर

13 जून 2024, रात्र

काल दुपारी लेकीच्या मेंटरचा, म्हणजे वर्गशिक्षकांचा फोन आला, हावो (इथल्या माध्यमिक शाळेचा एक प्रकार) पास झाली. दहाव्या वर्षी जर्मन शाळेतून उचलून इकडे आणलेली पोर, तिसरी-चौथी भाषा शिकत शिकत इथवर आली, मला तर रडूच आलं. पाच मिनिटात शेजारच्या काकू दारात, हातात झेंडा, लाल पांढरा निळा, काठीसकट. (त्यांना मी नावानेच हाक मारते, इथे सगळेच मारतात, पण माझ्या डोक्यात त्या काकूच आहेत.) म्हणाल्या हिचं दप्तर आण, काठीला टांगायचंय.

नेदरलँडमधे ही पद्धतच आहे. मुलगा किंवा मुलगी शेवटची परीक्षा पास झाली की घरावर झेंडा लावायचा आणि काठीच्या टोकाला जुनं दप्तर अडकवायचं. जूनमधे कुठल्याही गल्लीतून सायकलवरून गेलं की दिसतं कुणाचं पोर सुटलं ते. दरवर्षी बघते, दरवर्षी छान वाटतं, पण काल आपल्या खिडकीत लावायची वेळ आली तेव्हा माझा हातच पुढे जाईना.

कारण झेंडा म्हटलं की मला वेंगुर्ल्याची शाळा आठवते. पंधरा ऑगस्टचा पाऊस, सावधान-विश्राम, झेंडा जमिनीला लागला तर पाप लागल्यासारखं वाटायचं. घरावर झेंडा लावणं हे तर माहीतच नव्हतं, सामान्य माणसाला वर्षभर कधीही तिरंगा लावायची मोकळीक आली ती 2002 पासून, तोवर माझं बालपण संपलं होतं. आणि त्या काठीला दप्तर? ज्यात डबा सांडलाय, ज्याची चेन तुटलीये ते? लेक म्हणाली आई, हा त्यांचा झेंडा आहे आणि त्यांना चालतं. बरोबर आहे तिचं. पण पटायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

आम्ही राहतो तो रस्ताच असा आहे की हे सगळं रोज डोळ्यासमोर असतं. केर्कराडेचा नीउस्त्राट. आमच्या बाजूची घरं नेदरलँडमधे, समोरच्या बाजूची घरं जर्मनीत, हेर्त्सोगेनराथमधे, तिकडे ह्याच रस्त्याचं नाव नॉयस्त्रासं, अर्थ तोच, नवा रस्ता. 1815 ला युरोपचा नकाशा पुन्हा आखला तेव्हा इथून रेघ गेली आणि एका गावाचे दोन देश झाले. मधोमध गुडघ्याएवढी भिंत होती, ती नव्वदच्या दशकात काढली. आता दूध संपलं की मी चपला घालून परदेशात जाते. दोन्हीकडचे म्हातारे एकच बोली बोलतात, जी धड डच नाही आणि धड जर्मन नाही. मला आमचं आरोंदा-तेरेखोल आठवतं, नदीच्या ह्या तीरावर मालवणी त्या तीरावर कोकणी, कळतं दोघांचं दोघांना, आणि माझ्या आज्जीच्या लहानपणी तर पलीकडे पोर्तुगीज राज्य, म्हणजे खराच दुसरा देश होता, 1961 पर्यंत.

इकडे यायच्या आधी पाच वर्षं आम्ही जर्मनीतल्या आखनला होतो, इथून गाडीने वीसेक मिनिटं. त्यामुळे दोन्ही देश आतून बघितलेत असं म्हणता येईल. लोक विचारतात फरक काय, आणि सगळ्यात आधी मी पडदे सांगते, कारण दिसतातच ते. आमच्या बाजूला रात्री दिवे लागलेले, पडदे उघडे, अख्खा हॉल रस्त्यावरून दिसतो, कोण काय जेवतंय ते पण. समोर अंधार पडायला लागला की शटर खाली येतात, घर्रर्र करत, एकामागोमाग एक. रविवारी आमच्याकडे कुणी भिंतीला ड्रिल मारलं तर फार कुणी काही म्हणत नाही, समोर मारलं तर शेजारी येऊन बेल वाजवतील, रविवार हा शांततेचाच. आखनला समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ पाच वर्षांत शेवटपर्यंत आम्हाला आडनावानेच, 'झी' म्हणजे अहो-जाहो करून बोलले, आणि तेच गृहस्थ आम्ही घर सोडलं तेव्हा दोन मजले सामान उचलत होते. इथे पहिल्याच दिवशी सगळे अरे-तुरे, पण जवळीक व्हायला मात्र तितकीच वर्षं लागली, भेटायला जायचं तर तीन आठवडे आधी डायरीत लिहायचं.

पण हे वरवरचं. मला खरा फरक दिसला तो आठवणींचा.

आखनला आमच्या बिल्डिंगच्या दारात फुटपाथमधे पितळी चौकोन बसवलेले होते, दहा बाय दहा सेंटीमीटरचे. लेक सहा वर्षांची, नवीन नवीन वाचायला लागलेली, वाकून वाचायची. 'इथे राहायचे' असं सुरुवातीला, मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. ज्यूंची नावं. ज्या घरातून त्यांना नेलं त्याच घराच्या उंबऱ्यासमोर. ती विचारायची ह्यांना कुणी मारलं आणि मी घाबरून विषय बदलायचे, तिच्या बाईंनी मात्र बदलला नाही. त्या मुलांना कळेल अशा शब्दात सांगितलं की आपण मारलं, आपल्या लोकांनी. 'आपण' हा शब्द मी तेव्हापासून विसरले नाहीये. कुठला देश आपल्या सहा वर्षांच्या मुलांना असं सांगतो?

इथे 4 मेला संध्याकाळी आठ वाजता, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीत, दोन मिनिटं सगळा देश थांबतो. झेंडे अर्ध्यावर. रस्त्यात गाड्या थांबतात, सायकलवरचे पाय टेकवून उभे राहतात. दुसऱ्या दिवशी 5 मे, जर्मनांच्या ताब्यातून मुक्तीचा दिवस, झेंडा वरपर्यंत आणि गाणी. मला हे फार आवडतं, एक रात्र दुःखाची आणि लगेच सकाळ आनंदाची. इथल्या माणसाला झेंडा म्हणजे सुटका. म्हणूनच तो पोरांच्या दप्तराबरोबर इतका सहज लागतो बहुतेक.

पण मनात एक गोष्ट खुपते आणि ती इथेच लिहिते. ह्या देशातल्या 1 लाख 40 हजार ज्यूंपैकी 1 लाख 2 हजारांच्या वर लोक मारले गेले, म्हणजे चारातले जवळजवळ तीन. हुकूम जर्मन होते, पण याद्या इथल्याच कचेऱ्यांमधल्या आणि गाड्या इथल्याच रेल्वेच्या. सरकारच्या वतीने पंतप्रधानांनी माफी मागितली ती 2020 साली. गुलामगिरीबद्दल राजाने माफी मागितली ती मागच्या वर्षी, 1 जुलैला. लेकीच्या इतिहासाच्या पुस्तकात डच ईस्ट इंडिया कंपनी आली तेव्हा तिने वर्गात सांगितलं की माझ्या आजोळी वेंगुर्ल्यात तुमची वखार आहे, पडकी, आम्ही तिथे लपाछपी खेळतो. वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. मसाले, जहाजं, मोठी मोठी चित्रं हे सगळ्यांना माहीत, त्या पैशाच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं ते आता आता शिकवायला लागलेत. शिकवतायत हे चांगलंच आहे. पण जर्मनीतून आलेल्या माणसाला हा उशीर जाणवतो.

आणि हे लिहिताना मला आपलंही आठवतं, आपण तर कुणाचीच माफी मागायची नसते अशाच समजुतीत वाढलो.

समोरच्या आज्जी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. जर्मन बाजूच्या. जन्म 1940 चा, त्याच वर्षीच्या 10 मेला त्यांच्या देशाचं सैन्य ह्या भागातून इकडे घुसलं. सप्टेंबर 1944 मधे त्याच सैन्याने केर्कराडे रिकामं करायला लावलं, तीसेक हजार माणसं पोरंबाळं घेऊन चालत निघाली, शेजारच्या काकूंची आई त्यात होती. आज्जी आणि काकू रोज एकमेकींशी त्यांच्या बोलीत गप्पा मारतात, पाव, गुडघेदुखी, कुत्रा. दरवर्षी 4 मेला आठ वाजता आज्जी आपल्या फाटकाशी येऊन उभ्या राहतात, जर्मनीत, एकट्या. कुणी सांगितलेलं नाही. पहिल्या वर्षी मी हे खिडकीतून पाहिलं तेव्हा माझी दोन मिनिटं तिकडे बघण्यातच गेली.

काल संध्याकाळी शेवटी झेंडा लावला. काकूंनी वरची नारिंगी पट्टी काढून घेतली, ती फक्त राजघराण्याच्या वाढदिवसांना, म्हणाल्या. म्हणजे नियम त्यांनाही आहेत, नुसती मौज नाहीये, हे ऐकून मला जरा बरं वाटलं. लेकीने दप्तर अडकवलं, बाजूला खिडकीत आपला छोटा तिरंगा उभा केला, टेबलावरचा. आज्जी रस्ता ओलांडून आल्या, चॉकलेटचा डबा घेऊन. बराच वेळ वर बघत होत्या. मी विचारलं तुमच्याकडे लावतात का कधी, उद्यापासून युरो कप आहे ना, पहिली मॅच जर्मनीचीच. तिकडच्या गाड्यांवर आता झेंडे दिसायला लागलेत, पोरं लावतात, महिनाभर, मग काढून ठेवतात. आज्जी म्हणाल्या, नातू लावतो, लावू दे. माझ्या घरात नाही. वडील म्हणायचे एकदा लावला तेवढा पुरे.

मग लेकीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, पण हे दप्तर छान दिसतंय.

आज रात्री साडेदहाला पाऊस आला. काकू म्हणाल्या होत्या दप्तरवाला झेंडा राहिला रात्रभर तरी कुणी काही म्हणत नाही, पण मला झोपच येईना, भिजलेला झेंडा डोळ्यासमोर येत होता. उठून आत घेतला. लेकीने एक टोक धरलं, मी एक, आणि शाळेत शिकवलेली घडी घातली, वरचा आणि खालचा पट्टा मधल्या पांढऱ्याच्या मागे. त्यांचाही पांढरा मधेच आहे, नीट बसली घडी. दप्तर तसंच राहू दिलं बाहेर, काठीला, पावसात.