तुम्ही विचारलंत म्हणून: चीनमध्ये मी काय खाल्लं

परत आल्यापासून लग्न असो की हळदीकुंकू, एकच प्रश्न, "खरं सांग, तिकडे काय काय खाल्लंस?" आणि 'खरं सांग' म्हणताना डोळे बारीक. विंचू नाही खाल्ला. काडीला टोचलेले विंचू बीजिंगच्या वांगफुजिंगला टुरिस्टांसाठी मिळायचे, मी होते सिचुआन प्रांतातल्या चेंगडूत, तिथे रोजचं जेवण म्हणजे भात, लसूण घालून परतलेल्या पालेभाज्या, मापो तोफू, म्हणजे झणझणीत रश्शातलं तोफू. त्यांचं ह्वाच्याव आपल्या तिरफळाच्याच जातीतलं, काळी बी टाकून टरफल वापरायचं, बांगड्याच्या आमटीत घालतो तसंच, फक्त त्यांचं जीभ पार बधिर करतं. कोकणातल्या माणसाला त्यात परकं काय वाटणार? जेवताना गरम पाणी प्यायचं, मोठ्यांच्या ग्लासाला ग्लास लावताना आपला जरा खाली धरायचा, हे सगळं मी आवडीने केलं.

पण तुम्हाला विचारायचं असतं ते बीफचं. मग ऐका. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आईने हॉटपॉटला नेलं, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रश्शात एकेक जिन्नस शिजवत खायचं. मला दाराकडे तोंड करून बसवलं, ती पाहुण्याची मानाची जागा. मी बीफ खात नाही हे आधीच सांगितलेलं, म्हणून मधे पत्रा असलेलं भांडं मागवलं, एकीकडे लाल रस्सा, एकीकडे माझ्यासाठी मशरूमचा पांढरा. मैत्रीण म्हणाली लाल पण खाऊन बघ, त्यात मांस नाही. कमळकाकडीच्या चकत्या, बटाटा, मी लाल बाजूनेच खात सुटले. अप्रतिम लागत होतं. मग सहज विचारलं, हा तवंग कसला, तिने मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं: बीफची चरबी. तिकडे लाल रस्सा बहुतेक त्यातच करतात, चरबीला मांस म्हणावं असं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या चॉपस्टिक्स थांबल्या. काकूंनी ते बघितलं, माझा बाऊल उचलून नवा मागवला, आणि मग शेवटपर्यंत स्वतःचं जेवण बाजूला ठेवून माझ्या चकत्या पांढऱ्या बाजूला शिजवत बसल्या, लाल थेंब उडू नये म्हणून मधे हात धरून. सारखी माफी मागत होत्या. मला चरबीचं वाईट वाटलं नाही हो, त्यांचा चेहरा उतरला त्याचं वाटलं, अजून वाटतं.

मुद्दाम नाही खाल्लं. आणि मुद्दाम खाल्लं असतं तरी तुमच्या ताटातलं नव्हतं! पण जाण्याआधी मीच सगळ्यांना ऐकवायचे, की ज्या गावाला जायचं तिथलं जेवायचं, ठेपले बांधून नेणारे घरीच बसलेले बरे. ती मी आता विचारते, मग हात का थांबला? तिला उत्तर देता येत नाही. चव आवडली होती हे खरं, कळल्यावर घास गिळवत नव्हता हेही खरं, आणि यातलं कुठलंच मी मागे घेणार नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, आता हे वाचून कळेलच.