वही, नववा महिना: ४ आत, ६ बाहेर

मार्चअखेर आटोपला आणि आज योगसरावाची वही उघडली. मागची नोंद जानेवारीतली. मधे सरावातही खंड पडला, आणि या वेळी त्या खंडाबद्दलच जास्त सांगायचं आहे.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी: गेल्या जुलैत सुरुवात केली तेव्हा रोज पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. छातीत धडधड, जबडा आवळलेला. डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि योगवर्गाला जायलाही त्यांनीच सांगितलं. औषध अजून चालू आहे. ते कमी करायचं की नाही, हे तेच ठरवतील.

पहिले दोन महिने शवासन मला झेपलंच नाही. बाकी सगळे शांत पडलेले, आणि माझी मात्र डोळे मिटले की धडधड वाढायची. एकदा उठून बसले तर वर्ग घेणाऱ्या ताई शेजारी येऊन बसल्या. "अगं, डोळे मिटायलाच हवेत असं नाही. उघडे ठेव, त्या पंख्याकडे बघ." पाठीखाली लोड दिला, डोक्याखाली ब्लँकेटची घडी, अंगावर चादर. छातीला उंची मिळाली आणि श्वास मोकळा झाला. डोळे मिटून शवासन जमलं ते थेट ऑक्टोबरात. तुमच्यापैकी कुणाला असं घाबरल्यासारखं होत असेल तर हट्टाने पडून राहू नका, आधी हे करून बघा.

माझी खरी प्रगती उच्छ्वासात आहे. जुलैत तीन अंक मोजेपर्यंत श्वास संपायचा, तोही तुटक तुटक. आता ४ अंकांत आत, ६ अंकांत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण ६ श्वास, दहा मिनिटं. मनगटावर बोटं ठेवून पाहिलं: श्वास घेताना नाडी किंचित भरभर चालते, सोडताना मंदावते. हृदयाला सबुरीने घ्यायला सांगणारी व्हेगस नर्व्ह उच्छ्वासात जास्त काम करते, म्हणून हे होतं. पहिल्यांदा बोटाखाली तो फरक लागला तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं ते योगाची अशी शास्त्रीय तपासणी करायलाच. माझी प्रयोगशाळा मनगटापुरती.

पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताच्या विक्षेपाबरोबर, म्हणजे मन विचलित होण्याबरोबर, येणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: दुःख, दौर्मनस्य म्हणजे मनाची खिन्नता, अंगाला सुटणारा कंप आणि बिघडलेला श्वास. पहाटे तीनची माझी अवस्था इतक्या नेमकेपणाने कुणी मांडलेली मी वाचली नव्हती. पुढे तीनच सूत्रांनंतर उपायांमध्ये श्वास बाहेर सोडणं आणि धारण करणं येतं. धारण, म्हणजे श्वास रोखून धरणं, कुंभक, मी अजून करत नाही. ताईंनी थांबायला सांगितलंय.

आता खंड. फेब्रुवारीच्या शेवटी कामाचा डोंगर आला आणि अकरा दिवस चटई गुंडाळलेलीच राहिली. पहिले चार-पाच दिवस काही जाणवलं नाही. सहाव्या दिवशी जबडा दुखायला लागला, आठव्या रात्री पुन्हा तीन वाजता जाग. 'दीर्घकाल' आणि 'नैरंतर्य' (खंड न पडणं) हे शब्द पतंजलींच्या अभ्यासाच्या सूत्रात का आहेत ते तेव्हा कळलं. पुन्हा सुरू केलं ते रोज पंधरा मिनिटांवर: कपाळ लोडावर टेकवून अधोमुख श्वानासन, कमरेखाली वीट घेऊन सेतुबंध, भिंतीला पाय लावून विपरीत करणी, मग शवासन. झोप परत यायला नऊ दिवस लागले.

२९ मार्चला ताळेबंदात फरक निघाला. साहेब माझ्या टेबलापाशी येऊन मोठ्याने बोलत होते. एरवी मी तरी ओरडले असते किंवा डोळ्यांत पाणी तरी आलं असतं. त्या क्षणी जीभ टाळूला घट्ट चिकटलेली जाणवली. ती सैल सोडली, सहा अंक मोजत श्वास सोडला आणि विचारलं, "सर, कुठल्या तारखेची नोंद जुळत नाहीये?" मग आम्ही दोघांनी मिळून ती शोधली. रात्री साडेअकराला झोपले, सहाला उठले.

या आठवड्यापासून भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडायचा प्राणायाम. सध्या पाचच आवर्तनं. गुंजारव वरच्या दातांत जाणवतो, कपाळापर्यंत अजून पोचत नाही.