गर्दीतली हेर

काही पुस्तकांच्या मुखपृष्ठावर लेखकाचं नाव शोधावं लागतं. वर मालिकेचं नाव सोनेरी, बोटाला लागेल इतक्या उठावदार अक्षरांत. मधे एक अंतराळयान, एक स्फोट, आणि हातात काहीतरी झगझगीत धरलेली व्यक्ती. लेखक सगळ्यात खाली. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावर अशी पुस्तकं ढिगाच्या तळाशी असतात. वरचे थर प्रवेश परीक्षांचे आणि श्रीमंत कसं व्हावं हे शिकवणाऱ्यांचे. मी तळातलं ओढून काढलं की विक्रेता प्रामाणिकपणे बजावतो, "ताई, ती सिरीज आहे. आगेमागेचे भाग नाहीयेत, नंतर बोलू नका." मी नाही बोलत. मला आगेमागेचं नकोच असतं. मला तो बाजूचा माणूस हवा असतो.

या प्रकाराला स्पिन-ऑफ म्हणतात. गाजलेल्या सिनेमाचं किंवा मालिकेचं जग तेच, पण नायकाला घरी बसवून कोपऱ्यातल्या एखाद्याला अख्खी कादंबरी बहाल करायची. साहित्यात याला फारसा मान नाही. वाचनाची आवड सांगताना कुणी हे नाव घेत नाही. मराठी माणसाने मात्र यावर नाक मुरडू नये. ‘ययाति’, ‘मृत्युंजय’, ‘राधेय’ ही आपल्या कपाटातली मानाची पुस्तकं काय आहेत? महाभारतातून एकेकाला उचलून त्याला स्वतंत्र बिऱ्हाड थाटून दिलंय. आणि अट तीच. कर्णावर तुम्ही कितीही जीव टाका, सतराव्या दिवशी चाक रुतायलाच हवं.

ही अट मला सगळ्यात गमतीची वाटते. स्पिन-ऑफचा लेखक लिव्ह अँड लायसन्सच्या खोलीत राहत असतो. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रंग बदलायचा नाही, अकरा महिन्यांनी खोली होती तशी मालकाच्या ताब्यात द्यायची. नायकाला मारता येत नाही, त्याचं लग्न लावता येत नाही, कारण पुढच्या सिनेमात तो धडधाकट आणि सडाफटिंग लागणार असतो. मालकाने पुढे काय ठरवलंय हे भाडेकरूला कुणी सांगतही नाही. ॲलन डीन फॉस्टरने 1978 साली ‘स्टार वॉर्स’ या अंतराळातल्या सिनेमांच्या जगात ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ ही कादंबरी लिहिली. पहिला सिनेमा बेताचा चालला तर हिच्यावरून कमी खर्चात दुसरा काढायचा, असा बेत होता. म्हणून गोष्ट घडते ती सतत धुक्यात असलेल्या ग्रहावर. धुकं असलं की मागे देखावा उभारायला नको. हान सोलोचं काम करणाऱ्या हॅरिसन फोर्डचा पुढच्या सिनेमाचा करार झालेला नव्हता, म्हणून हान सोलो गायब. नायक ल्यूक आणि राजकन्या लेया यांच्यात फॉस्टरने हळुवार काहीतरी फुलवलं. पाच वर्षांनी पडद्यावर कळलं की ते सख्खे भाऊबहीण. आता बिचाऱ्या फॉस्टरने काय करावं?

पण माझा जीव जडला तो एका हेरावर. मारा जेड नावाची ही बाई टिमोथी झानच्या 1991 सालच्या ‘एअर टू दि एम्पायर’मध्ये पहिल्यांदा आली. ती त्या जगातल्या दुष्ट सम्राटाची खास हेर. आकाशगंगेत कुठेही असली तरी सम्राटाचा आवाज थेट तिच्या डोक्यात उमटतो आणि ती कामाला निघते. तिची नेमणूक कुठे नोंदलेली नाही, साम्राज्यातल्या बहुतेक बड्या अधिकाऱ्यांनाही तिचा पत्ता नाही. सम्राट मरतो आणि हिच्या लक्षात येतं की आपण कुणीच नव्हतो. सर्व्हिस बुक नाही, पेन्शन नाही, ओळखीचा साहेब नाही. मी आयुष्यभर ऑडिटमध्ये नोकरी केलेली, त्यामुळे तिच्या इतर दुःखांपेक्षा हे मला जास्त लागलं. पुढे ती एका तस्कराकडे काम धरते. ज्या ल्यूकला ठार मारण्याची सम्राटाची शेवटची आज्ञा डोक्यात घेऊन ती फिरते, त्याच्याशीच पुढच्या पुस्तकांत तिचं लग्न होतं. तो भाग मला तितकासा पटला नाही, पण ते असो.

झानने केलेली खरी करामत वेगळीच आहे. 1983 च्या सिनेमात जब्बा नावाच्या गलेलठ्ठ गुंडाच्या महालातला प्रसंग आहे. नाचगाणं, धूर, चित्रविचित्र प्राण्यांची दाटी. झान सांगतो की मारा तिथेच होती, नर्तकीच्या वेषात, ल्यूकवर डोळा ठेवून. म्हणजे तुम्ही जो प्रसंग इतक्या वेळा पाहिलात, त्यात ती होती आणि तुम्हाला दिसली नाही. मी तो प्रसंग किती वेळा मागेपुढे केला असेल! नाहीच ती तिथे. कशी असेल? सिनेमा आला तेव्हा ती कुणाच्या मनातही जन्मली नव्हती. तरी त्या दाटीकडे आता पूर्वीसारखं पाहता येत नाही. प्रत्येक पाठमोऱ्या बाईवर संशय येतो.

माराच्या तरुणपणाची गोष्ट त्याच झानने 2007 साली ‘अलीजिअन्स’ या कादंबरीत सांगितली. पहिल्या आणि दुसऱ्या सिनेमाच्या मधल्या काळात ती घडते. सुरुवात होते ती एका गव्हर्नरने खाल्लेल्या पैशांपासून. माणसाला पगार किती, त्याच्याकडे ऐवज केवढा, तो आला कुठून, या शोधात ती एकेक धागा धरत समुद्री चाच्यांच्या अवकाशातल्या भाऊबंदांपर्यंत पोचते. प्रकाशाची तलवार आहे, यानं आहेत, गोळीबार आहे. पण काम बघाल तर चोख दप्तर तपासणीचं. आमच्या विभागात अशी एक बाई असती तर बऱ्याच जणांची झोप उडाली असती. त्यातच पाच साम्राज्यसैनिक फौज सोडून पळालेत, सम्राटाचा उजवा हात डार्थ व्हेडर आपल्या वेगळ्या शिकारीवर निघालाय, आणि ल्यूक, लेया, हान हेही त्याच भागात घोटाळतायत.

आता अडचण बघा. 1991 च्या पुस्तकात ल्यूक माराला भेटतो तेव्हा तो तिला ओळखत नाही. म्हणजे कालक्रमाने त्याच्या आधीच्या या गोष्टीत दोघांची भेट होताच कामा नये. एकच भाग, एकच भानगड, दोघेही तिच्या मागावर, आणि लेखक सगळी शक्ती पणाला लावतोय ती दोघांची चुकामूक जुळवण्यासाठी! एरवी कादंबरीकार योगायोगाने माणसं भेटवतात आणि आपण कपाळाला हात लावतो. इथे योगायोगाने भेटवत नाहीत. परदेशी वाचकाला हे ओढूनताणून वाटत असेल. दादरच्या पुलावर उभं आयुष्य गेलेल्या बाईला यात काहीच नवल नाही. माझी मावसबहीण वर्षानुवर्षं त्याच पुलावरून, त्याच सुमाराला पश्चिमेवरून मध्य रेल्वेकडे जायची, मी मध्यवरून पश्चिमेकडे यायचे. आमची भेट लग्नकार्यात व्हायची आणि तिथे आम्ही म्हणायचो, अगं किती दिवसांनी!

शोधावर निघालेला हेर आपल्याकडेही पुरातन आहे. सुंदरकांडच घ्या. मारुतीराय रात्र पडण्याची वाट पाहतात, देह मांजराएवढा करतात, लंकेत शिरून एकेक महाल पालथा घालतात. मंदोदरीला पाहून ‘हीच सीता’ असं वाटून आनंदाने शेपटीचं चुंबन घेतात, मग विचार करतात, छे, ही नसणार. खुणेची अंगठी जवळ आहे. इथवर हेरगिरीचा वस्तुपाठ. आणि मग? बाग उपटून टाकली, मुद्दाम पकडले गेले, गाव पेटवून आले. त्यांची क्षमा मागून सांगते, कुठल्याही गुप्तहेर खात्यात यावर खुलासा मागवला असता. पण ते मूळ कथेतले, त्यांना सगळं माफ. गाव जाळलं तरी पुढच्या कांडात ते जळालेलं राहतं. स्पिन-ऑफमधल्या हेराला आगपेटीसुद्धा मोजून परत करावी लागते.

बहिर्जी नाईक याच्या अगदी उलट. सुरतेच्या 1664 च्या स्वारीच्या संदर्भात सभासद बखरीत त्यांचं नाव येतं, बाकी विश्वासाने सांगावं असं अगदी थोडं. त्यांच्यावरच्या कादंबऱ्यांची जाडी आणि कागदपत्रांतला मजकूर शेजारी ठेवून बघावा. माझ्या मते त्या कोऱ्या जागा हेच त्यांचं प्रशस्तिपत्रक. कामगिरीचे कागद मागे सोडणाऱ्याला कुणी नाईक केलं नसतं.

मराठी विज्ञानकथेत तर हेरगिरी खुद्द लेखकानेच केली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. नाव मोठं म्हणून परीक्षक दबू नयेत, यासाठी अद्याक्षरं उलटी करून घेतलेला वेष. जाणकारांनी आधी ओळखायला हरकत नव्हती. ना. वि. ज. उलटीकडून वाचायचं, इतकंच तर होतं.

वेषावरून गॅराक आठवला. ‘स्टार ट्रेक’च्या ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेत एका अवकाशस्थानकावर त्याचं कपडे शिवण्याचं दुकान आहे. आपण एक साधा शिंपी, याखेरीज आपल्यात काही नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला गोड हसून सांगतो. हा बडतर्फ झालेला हेर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कुणाला सिद्ध करता येत नाही. मालिकेत तो मुख्य पात्रांत नाही, येतो-जातो. ही भूमिका करणारे अँड्र्यू रॉबिन्सन तयारी म्हणून गॅराकच्या नावाने रोजनिशी लिहायचे. चाहत्यांच्या मेळाव्यात त्यातली पानं वाचून दाखवायचे. तिचीच पुढे ‘अ स्टिच इन टाइम’ नावाची कादंबरी झाली, 2000 साली. नट भूमिकेतून बाहेर येतच नव्हता, तेव्हा भूमिकेनेच त्याला लिहायला बसवलं म्हणा.

हेराने शिंपी व्हावं यासारखी अक्कलहुशारी नाही. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली मशीन टाकून बसणारे काका आहेत. फॉल-पिको, चेन बदलणं, पँट आखूड करणं. सगळ्या इमारतीची मापं त्यांच्या वहीत. कुणाचं पोट सुटलं, कोण आजारपणात झिजलं, कुणाकडे ब्लाउजपीस डझनाने आले म्हणजे काय ठरलंय, हे त्यांना घरच्यांच्या आधी कळतं. कधी कुणाला सांगत नाहीत. तोंडात टाचण्या असतात.

या सगळ्यात माझा भाचा वेळोवेळी मिठाचा खडा टाकतो. तो अंधेरीला एका कंपनीत आहे आणि त्याला या जगातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे तो लपवत नाही. त्याच्याच तोंडून मला कळलं की एप्रिल 2014 मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या मालकांनी जाहीर केलं, तोवर आलेल्या सगळ्या कादंबऱ्या यापुढे ‘लेजेंड्स’. म्हणजे दंतकथा. अधिकृत कथेत, त्यांच्या भाषेत ‘कॅनन’मध्ये, त्यातलं काहीही घडलेलं धरायचं नाही. नवे सिनेमे काढायचे होते, जुना पसारा आड येत होता. व्यवहार म्हणून मला ते समजतं. जागा मालकाचीच होती. पुस्तकं छापली जातात, विकली जातात, फक्त त्यांतलं काही झालेलं नाही. मारा जेड पहिल्यांदा सम्राट गेल्यावर कुणी नव्हती, आता पुन्हा एकदा.

बरं, सरसकट सगळ्यांना गाळलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. झानच्या त्याच 1991 च्या पुस्तकात थ्रॉन नावाचा निळ्या कातडीचा सेनापती आहे. त्याला 2016 मध्ये ‘रेबल्स’ या मालिकेत सन्मानाने परत बोलावलं. पुढच्या वर्षी त्याच्यावर नवी अधिकृत कादंबरी झानकडूनच लिहून घेतली. गणवेशातला अधिकारी पुन्हा रुजू झाला, थकबाकीसकट. हेर बाईला पत्र नाही. मी कार्यालयात हे इतक्यांदा पाहिलंय की रागही आला नाही.

भाचा रविवारी येतो, त्याच्या लॅपटॉपवर आम्ही नव्या मालिका बघतो. मद्यालय, बाजार, बंदर असं काही आलं की मी त्याला थांबवायला लावते.

"जरा मागे घे रे. ती डावीकडे, खांबाआड. केस तांबूस आहेत बघ."

"मावशी, ती कॅनन नाहीये. ती असूच शकत नाही."

"म्हणून तर म्हणते, नीट बघ."

तो सुस्कारा टाकतो, पण मागे घेतो. गेल्या खेपेला तर त्याने मला न विचारताच घेतलं आणि म्हणाला, "खांबाआड नाही गं, जिन्यावर बघ."