वरून चकाचक, खालून कुजका लगदा

पहिली दोन वर्षं मी आमचा राइडिंग मोवर (वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन) अगदी गाडीसारखा धुवायचो. बॉनेट, सीट, स्टीअरिंग, टायरसुद्धा. पण गवत काही नीट कापलं जाईना, मध्येच पट्टे राहायचे आणि कापलेलं गवत बाजूला उडायच्या ऐवजी ढेकळं होऊन मागे पडायचं. वाटलं ब्लेडं बोथट झालीत, म्हणून दोनदा धार लावली. फरक शून्य.

शेवटी डेकच, म्हणजे ब्लेडं ज्याच्या आत फिरतात तो खालचा पत्र्याचा डबा, सोडवला (आधी किल्ली काढून आणि स्पार्क प्लगची वायर उपसून, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या मशीनखाली डोकं घालायचा वेडेपणा कृपया करू नका). उलटा करून बघतो तर पत्राच दिसेना! दोन बोटं जाड थर, वर ओला हिरवा, मग तपकिरी, आणि पत्र्याला चिकटलेला काळा कुजका लगदा, वास तर विचारूच नका. तेव्हा ट्यूब पेटली. ब्लेड नुसतं कापत नाही, ते फिरताना पंख्यासारखी हवा पण ओढतं, त्या हवेने आडवं गवत उभं राहतं आणि कापलेलं बाहेर फेकलं जातं. आत जागाच नाही उरली तर हवा फिरणार कुठून? शिवाय तो थर ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून गंजत जातो, एका कोपऱ्यात तर खरवडताना माझी पट्टी आरपार जाता जाता राहिली.

प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायला दुपार गेली. नंतर पाणी मारलं, पण पाइपचा जोर स्पिंडलवर (ब्लेड ज्यावर फिरतं त्या दांड्यावर) धरायचा नाही, बेअरिंगमध्ये पाणी शिरलं की ते गेलंच समजा.

ब्लेडं काढलीच होती म्हणून भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकातून अडकवून बघितली. एक आडवं राहिलं, दुसऱ्याची एक बाजू झपकन खाली! म्हणजे धार लावताना मी दोन्ही टोकं सारखी घासलीच नव्हती, आणि एवढे दिवस ती थरथर मी इंजिनच्या नावावर खपवत होतो. जड बाजू थोडी थोडी घासत आडवं आणलं. बसवताना ब्लेडच्या टोकांचे वळलेले कान वर, डेककडे. एकदा उलटं बसवलंय मी, गवत कापलं नाही, नुसतं झोडपलं गेलं.

बाकी कामं किरकोळ. ऑइल मी ५० तासांनी नाहीतर सीझनला एकदा बदलतो, इंजिन जरा गरम असताना, म्हणजे घाण पण सोबत निघते. कागदी एअर फिल्टर हलकेच आपटायचा, धुवायचा नाही. दोन्हीकडच्या टायरात हवा सारखी हवी, नाहीतर गवत तिरकं कापलं जातं. आणि जुनं पेट्रोल टाकीत ठेवून मशीन महिनोन्‌महिने उभं केलंत तर कार्बोरेटर चिकट होऊन बसतो, मग स्टार्टर मारत बसा.

इंजिनवरचं पंख्याचं कव्हर मात्र यंदा पहिल्यांदाच उघडलं. हे इंजिन हवेनेच थंड होतं, त्यामुळे आतल्या फटी मोकळ्या हव्यात. माझ्याकडे तिथे उंदराचं घरटं होतं, वाळकं गवत आणि पिवळ्या फोमचे बारीक तुकडे. सीटला मागून पडलेलं ते भोक कसलं, हे तेव्हा कळलं. दर आठवड्याला त्याच्याभोवती फडकं फिरवत होतो मी.