झिजलेलंच घ्या: मार्क अँटनीच्या फौजेची चांदीची नाणी

रोमन चांदी जमवायला सुरुवात करायची म्हटली की जो तो सीझरच्या हत्तीवाल्या नाण्यामागे लागतो. ते इसवीसनपूर्व 49 चं दिनारियस (रोमचं चांदीचं नाणं), सापाला तुडवणारा हत्ती आणि खाली सीझरचं नाव, देखणं आहे यात वादच नाही, पण त्याला मागणी इतकी की जरा बरं असलं तरी किंमत भलतीकडेच जाते. मला कोणी विचारलं की पहिलं कुठलं घेऊ, तर माझं उत्तर ठरलेलं आहे, रोमन सेनापती मार्क अँटनीचं लीजनरी दिनारियस, म्हणजे लीजनच्या (रोमन फौजेतल्या मोठ्या तुकडीच्या) नंबराचं नाणं घ्या, आणि झिजलेलंच घ्या.

आधी ते नाणं काय आहे ते बघा. इसवीसनपूर्व 32-31 चा हिवाळा, अँटनी ग्रीसमध्ये पात्रासला मुक्काम टाकून बसलाय, बरोबर क्लिओपात्रा, समोर सत्तेतला प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियन (पुढचा सम्राट ऑगस्टस) याच्याशी लढाई होणार हे नक्की, आणि एवढ्या मोठ्या फौजेला पगार तर द्यायचाच आहे. मग बहुतेक तिथेच, फौजेबरोबरच्या टांकसाळीत, धडाधड नाणी पाडली गेली. एका बाजूला वल्ह्यांचं लढाऊ जहाज आणि अँटनीच्या नावाची-पदांची आद्याक्षरं. दुसऱ्या बाजूला मधे लीजनचा गरुड, दोन्हीकडे निशाणं, आणि त्या लीजनचा नंबर. दुसरी, तिसरी, सहावी, दहावी, असं करत पार वीसच्या पुढे. म्हणजे सहाव्या लीजनच्या नाण्यावर सहावीचाच नंबर! शिपायाचा वर्षाचा पगार तेव्हा 225 दिनारियस होता, एका लीजनमध्ये 5 हजार माणसं धरली तरी एकट्या लीजनला वर्षाला 11 लाखांवर नाणी लागणार, आता बाकीच्या लीजनचा हिशोब तुम्हीच करा. म्हणून तर ही नाणी आजही एवढी मिळतात.

2 सप्टेंबर इसवीसनपूर्व 31 ला अ‍ॅक्टियमला अँटनी हरला, पुढच्या वर्षी मेला, आणि त्याचा पैसा मात्र त्यानंतर दोनशे वर्षांहून जास्त चालला. मला सगळ्यात जास्त आवडते ती ही गोष्ट. कारण अगदी व्यवहारी आहे. या नाण्यांत चांदी त्या काळच्या चांगल्या दिनारियसपेक्षा कमी होती. रोमन लेखक प्लिनी तर लिहून ठेवतो की अँटनीने चांदीत लोखंड मिसळलं (मिसळलेलं तांबं आहे, पण लोकांचा समज काय होता ते यातून कळतं). आता ज्याच्याकडे दोन नाणी आहेत, एक चोख आणि एक हिणकस, तो चोख नाणं पुरून ठेवणार किंवा वितळवणार आणि हिणकस बाजारात खर्चून टाकणार. इसवीसन 107 मध्ये सम्राट ट्रेजनने जुनी घासलेली नाणी गोळा करून वितळवायला लावली, त्यातूनही ही बरीच वाचली, कारण ती वितळवून हाताला काय लागणार?

याचा पुरावा इंग्लंडमध्ये आहे. 1998 मध्ये सॉमरसेटमधल्या शॅपविकला दोन चुलतभावांना मेटल डिटेक्टरने एका शेतात 9 हजारांहून जास्त दिनारियसचा साठा सापडला. त्यातली सगळ्यात नवी नाणी इसवीसन 224 ची, आणि सगळ्यात जुनी कुठली, तर ही अँटनीची! अडीचशे वर्षं वापरातला पैसा, आणि तोही ग्रीसपासून थेट ब्रिटनपर्यंत. म्हणून म्हणतो की झिजलेलं घ्या. कोरं करकरीत लीजनरी म्हणजे लवकर जमिनीत गेलेलं नाणं, ते दिसायला छान असतं, पण जहाजाची वल्ही सपाट झालेली, गरुडाचे पंख पुसट झालेले, वर सावकारांनी चांदी तपासायला मारलेले बारके ठसे, अशा नाण्यावर सगळा प्रवास दिसतो. शिवाय स्वस्त मिळतं. एक मात्र बघा, नंबर वाचता आला पाहिजे. तिथे तडजोड नको. बऱ्याचदा छाप एका बाजूला सरकलेला असतो आणि शेवटची उभी रेघ नाण्याबाहेर गेलेली असते, मग ती सहावी की सातवी की आठवी ते सांगताच येत नाही, आणि विकणारा छातीठोकपणे दुर्मीळ नंबर लिहून मोकळा होतो. क्रॉफर्डच्या 1974 च्या कॅटलॉगमध्ये हे सगळे प्रकार 544 नंबरखाली आहेत, आणि अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची रोमन रिपब्लिकची ऑनलाइन यादी फुकट आहे, तिथले फोटो शेजारी ठेवून रेघा मोजा. पहिल्या लीजनचं म्हणून कोणी स्वस्तात देत असेल तर लांबच राहा, ते अतिशय दुर्मीळ आहे आणि नंबर कोरून बदललेली नाणी फिरत असतात.

आता लिलावातल्या बोलीबद्दल. लिलावाची यादी साधारण काही आठवडे आधी ऑनलाइन येते, प्रत्येक लॉटचा फोटो, वजन, मिलिमीटर, एस्टिमेट, स्टार्टिंग प्राईस. एस्टिमेटवर जाऊ नका, ते बऱ्याचदा मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. जुन्या लिलावांचे भाव एसीसर्च या वेबसाइटवर बघा, तुमच्याच नंबरची, तशाच झिजेची नाणी मागच्या दोन-तीन वर्षांत कितीला गेली ते, आणि त्यावरून स्वतःचा आकडा ठरवा. आकडा ठरवताना उलटा हिशोब करायचा. हॅमर (म्हणजे शेवटची बोली) 120 युरोला पडला, त्यावर लिलाव करणाऱ्यांचं 20 टक्के प्रीमियम म्हणजे झाले 144, पोस्टेज समजा 15, आणि मी ब्रिटनमध्ये मागवतो त्यामुळे वर 5 टक्के इम्पोर्ट व्हॅट, की गेलं 167 च्या घरात. म्हणजे 120 ची बोली लावताना डोक्यात 167 पाहिजेत.

मी आधीच मॅक्सिमम बोली टाकून ठेवतो. सिस्टिम तेवढे पैसे लगेच लावत नाही, समोरच्याच्या एक पायरी वर ठेवत जाते, आणि दोघांची बोली सारखी असेल तर आधी टाकणाऱ्याला मिळतं, म्हणून गोल आकड्यावर उशिरा जाण्यात अर्थ नसतो. लाइव्हला बसायला मजा येते हे खरं, घड्याळ चालू असतं, ऑक्शनियर नंबर घेत असतो, समोर कोण आहे ते माहीत नसतं, आणि हात आपोआप बटणाकडे जातो. पण लीजनरी नाण्यासाठी तो ताण घ्यायची गरजच नाही, हे गेलं तर पुढच्या महिन्यात दुसरं येणार आहे. ताण राखून ठेवायचा तो सतराव्या 'क्लासिके' किंवा अठराव्या 'लीबिके'साठी, ज्यांच्यावर नंबरबरोबर लीजनचं नावही आहे आणि जी क्वचित येतात.

प्रोव्हेनन्सबद्दल, म्हणजे नाणं आधी कोणाकडे होतं याबद्दल, मी कडक आहे. जुन्या कलेक्शनचं नाव, जुन्या लिलावाची तारीख, काहीतरी माग पाहिजे, आणि तो स्वतः पडताळायचा. 2020 मध्ये लंडनला सीझरचा मारेकरी ब्रूटस याचं सोन्याचं 'आयड्स ऑफ मार्च' नाणं प्रीमियम धरून 32 लाख पौंडांवर गेलं, नंतर कळलं की मालकीचा इतिहास बनावट होता, आणि 2023 मध्ये ते ग्रीसला परत गेलं. शे-दीडशे युरोच्या नाण्याला एवढी कागदपत्रं नसतात हे मान्य, पण कुठल्यातरी शेतातून रात्री उकरून आणलेली चांदी माझ्या ट्रेमध्ये नको. असं उकरलं की साठा फुटतो, आणि शॅपविकसारखी गोष्ट परत कधी कळत नाही. भारतातल्या साठ्यांनी किती सांगितलंय बघा, दक्षिणेत सापडलेल्या रोमन चांदीत ऑगस्टसचं गायस-ल्युशियसवालं (त्याच्या दोन नातवांचं) आणि टायबेरियसचं, हे दोनच प्रकार ढिगाने आहेत, म्हणजे व्यापारी इकडे येताना चोख चांदी निवडून आणत होते. आणि नाशिकजवळच्या जोगळटेंभीला 1906 मध्ये 13 हजारांहून जास्त नाणी एकत्र मिळाली म्हणूनच तर गौतमीपुत्राने क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यांवर स्वतःचा छाप मारला हे आपल्याला दाखवता येतं. सुटी सुटी विकली गेली असती तर?

सध्या मी रोमचे जोडसम्राट मार्कस ऑरेलियस आणि ल्युशियस व्हेरसच्या एका दिनारियसच्या मागे आहे. या दोघांनी अँटनीचं सहाव्या लीजनचं नाणं जवळपास दोनशे वर्षांनी तसंच्या तसं पुन्हा पाडलं, तेच जहाज, तोच गरुड, अँटनीचं नावसुद्धा, फक्त आपण ते पुन्हा काढलं असं सांगणारी स्वतःची नावं जोडली. लोकांच्या हातात तेव्हाही जुनं अँटनीचं होतंच, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नसणार. ते मूळ नाण्याइतकं सहज येत नाही, यादीत दिसलं की बोली लावणारे बरेच असतात. माझा आकडा ठरलेला आहे, तो इथे लिहीत नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी दोघं-तिघं त्याच लिलावात असणार.